खेळाडूची साख कशी मोजावी?

बाजारात माणसाची साख एका दिवसात तयार होत नाही, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सोलापूरच्या चाटी गल्लीत पंचवीस-तीस वर्षे कापडाचा धंदा करताना आम्ही किती तरी पार्ट्या चढताना आणि बुडताना पाहिल्या. कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची, कोणाचा माल रोखीशिवाय हलवायचा नाही, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते खतावणीच्या जुन्या पानांवरून कळते. यावेळी या पानावर सुताचे भाव किंवा टॉवेलची निर्यात यांऐवजी आम्ही मोबाइलवरच्या खेळाविषयी लिहीत आहोत, याचे काही बांधवांना नवल वाटेल. पण विषय साखेचाच आहे, आणि ती मोजण्याची जी रीत आम्हाला या खेळात सापडली तिच्यापासून बाजारानेही काही घेण्यासारखे आहे असे आमचे मत झाले आहे.

हकीकत अशी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहरातले यंत्रमाग एका रात्रीत थांबले. मोहल्ल्यातील मुले घरी बसली, हातात मोबाइल. काही दिवस लुडो चालला, मग त्यातील चार शहाण्या मुलांनी बुद्धिबळ सुरू केले. इंटरनेटवर फुकट खेळता येते, दोघे दोन घरांत बसून डाव मांडू शकतात. दर रविवारी रात्री स्पर्धा भरू लागली. मोहल्ल्यातील वडीलधारे म्हणून मुले आमच्याकडे आली, "चाचा, बक्षीस द्या." आम्ही दर तीन महिन्यांनी पहिल्या आलेल्यास एक सोलापुरी चादर आणि सहा टॉवेल द्यायचे कबूल केले. दुकानात माल पडूनच होता.

पहिली तिमाही आनंदात गेली. पुढे माग पुन्हा सुरू झाले आणि तंटा झाला.

मुलांनी गुण मोजण्याची रीत साधी ठेवली होती. डाव जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, आणि शिवाय खेळल्याबद्दल प्रत्येक डावाला एक गुण. तीन महिन्यांची बेरीज ज्याची जास्त तो पहिला. यात एक मुलगा असा होता की जो रात्रपाळीला मागावर बसायचा, दिवसा कांड्या भरायचा आणि रविवारीच काय ते चार-पाच डाव खेळायचा. त्यातले बहुतेक जिंकायचा. जो पहिला आला त्याला याने दोनदा हरवले होते. तरी यादीत त्याचे नाव अकरावे. पहिला आलेला मुलगा खेळाने वाईट नव्हता, पण त्याच्याकडे फुरसत होती आणि डेटाचा पॅकही मोठा होता. रोज वीस-वीस डाव खेळून त्याने बेरीज वाढवली होती.

रात्रपाळीच्या मुलाचे वडील आमच्यासाठी चादरी विणतात. हिशेबाला आले होते, तक्रार करायला नव्हे. जाता जाता म्हणाले, "शेठ, माग किती तास खडखडला यावर तुम्ही मजुरी देत नाही. साफ नग किती उतरले ते मोजता. मग पोरांच्या खेळात तास का मोजता?" आम्हाला उत्तर सुचले नाही. चादर देऊन झाली होती, ती काही परत मागता येत नव्हती. पण आम्ही मुलांना सांगितले की पुढची चादर इन्साफाने मोजल्याशिवाय मिळणार नाही.

इन्साफाने म्हणजे कसे, हे मात्र आम्हालाही ठाऊक नव्हते. बुद्धिबळ शिकवणाऱ्या एका मास्तरांना आम्ही विचारले. त्यांनी आम्हाला एलो पद्धत समजावली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले, गणितातले शब्द मराठीत आम्हाला अजूनही अडतात. पण मास्तरांनी आकडे मांडले तेव्हा वाटले की हे तर आपल्याच गल्लीतले काम आहे.

आर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे. ते अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. त्यांनी बसवलेली पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये. आज इंटरनेटवरच्या असंख्य खेळांत खेळाडूला जो आकडा मिळतो त्याच्या मुळाशी एलो यांचाच विचार आहे. विचार एवढाच की तुम्ही किती खेळलात ते पाहायचे नाही, किती जिंकलात तेही नुसते पाहायचे नाही. कोणाविरुद्ध जिंकलात, आणि तुमच्याकडून जेवढी अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त केले की कमी, हे पाहायचे.

प्रत्येक खेळाडूजवळ एक आकडा असतो. दोघांचे आकडे सारखे असतील तर शंभर डावांत प्रत्येकाकडून पन्नास गुणांची अपेक्षा. एक शंभराने वर असेल तर त्याच्याकडून सुमारे ६४ ची, दोनशेने वर असेल तर ७६ ची, चारशेने वर असेल तर ९१ ची. आता समजा १४०० चा खेळाडू १२०० च्या खेळाडूशी बसला. जाणत्याने जिंकणे हे अपेक्षितच, म्हणून त्याला पाचच अंक मिळतील आणि समोरच्याचे पाच जातील. पण १२०० वाल्याने त्याला हरवले तर पंधरा अंक इकडून तिकडे जातात. बरोबरी झाली तरी वरच्याचे पाच अंक खालच्याला जातात, कारण बरोबरी ही खालच्याची कमाईच आहे. डाव संपला की एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा. आम्हाला ही रीत पटली ती येथेच. हवेतून गुण येत नाहीत. ज्याला मिळाले ते कोणाच्या तरी खात्यातून आले, आणि महिनाअखेर सगळ्यांची बेरीज केली की पहिल्या दिवसाएवढीच भरते. वीस डाव दुबळ्यांशी खेळलात काय आणि चार डाव तगड्यांशी खेळलात काय, फुकटचे काही पदरी पडत नाही.

एका डावात किती अंक हलू द्यायचे याला एक गुणक असतो. वरच्या उदाहरणात तो २० धरला आहे. फिडेच्या नियमात नव्या खेळाडूला पहिले ३० डाव ४० चा गुणक लागतो, अठरा वर्षांखालील मुलांनाही २३०० पर्यंत तोच लागतो, नंतर २०, आणि एकदा २४०० गाठलेल्यास १० चा. नव्याचा आकडा लवकर जागेवर यावा आणि मुरलेल्याचा एका वाईट रविवारने ढासळू नये, हा हेतू. बाजारातही असेच असते. नव्या पार्टीचा एक चेक परत आला तर आपण दचकतो. वीस वर्षांच्या पार्टीचा परत आला तर आधी फोन करून विचारतो.

येथे जरा थांबून दोन नावे सांगावीशी वाटतात, कारण साख लिहून ठेवली नाही तर काय होते ते त्यांच्यावरून दिसते. पहिले मीर सुलतान खान. पंजाबातील खुशाब भागातले, सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने १९२९ मध्ये विलायतेस गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुन्हा १९३२ व १९३३ मध्ये जिंकले. हेस्टिंग्जला तर त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. मग ते मायदेशी परतले आणि खेळाच्या दुनियेने त्यांना विसरून टाकले. फिडेने १९५० मध्ये किताब वाटले तेव्हा त्यांना काहीच मिळाले नाही. १९६६ मध्ये ते वारले. मानद ग्रँडमास्टरपद त्यांना मिळाले २०२४ मध्ये! त्या काळी कोणाचाच आकडा नव्हता. ज्याची ओळख होती, जो डोळ्यांसमोर होता, त्याचेच नाव राहिले.

दुसरे भोपाळचे मोहम्मद रफिक खान. हे सुतारकाम करणारे. १९७६ मध्ये ते भारताचे अजिंक्यवीर झाले आणि १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. भारताला ऑलिम्पियाडमध्ये मिळालेले ते पहिले पदक. रंधा चालवणाऱ्या हाताने हे केले, हे आमच्या कारागीर बांधवांनी आपल्या मुलांना सांगावे. आकड्याला वडिलांचा धंदा दिसत नाही, पेठ दिसत नाही, आडनावही दिसत नाही. इतकी कोरी वही व्यापारात आम्ही पाहिलेली नाही.

पण पद्धत चांगली म्हणून ती आपोआप न्याय करते असे नाही. आम्ही वही घातली, प्रत्येकाला १२०० ने सुरुवात दिली आणि पहिल्याच महिन्यात अडचणी सुरू झाल्या. सगळ्यात मोठी अडचण नवख्यांची. बाहेरगावचा एक पाहुणा पोरगा येऊन खेळला. तो १२०० चा नव्हता, चांगला १६०० चा असावा. त्याने चार रविवारांत आठ-दहा मुलांची कमाई गोळा केली आणि निघून गेला. ज्यांचे अंक गेले ते म्हणाले, आमचा काय दोष? दोष कोणाचाच नव्हता. अनोळखी माणसाला ओळखीचा भाव लावला गेला, एवढेच.

यावर अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये उपाय काढला. त्यांनी प्रत्येक खेळाडूला दोन आकडे दिले. एक त्याच्या खेळाचा आणि दुसरा त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा याचा. एखाद्याचे खाते १५०० आणि भरवशाचा फरक ५० असेल, तर त्याचा खरा खेळ बहुधा १४०० ते १६०० च्या आत आहे असे समजावे. अगदी नव्या माणसाचा हा फरक ३५० धरतात, म्हणजे त्याच्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही अशी कबुली. अशा माणसाकडून हरलात तर तुमचे फार कमी अंक जातात. त्याचा स्वतःचा आकडा मात्र झपाट्याने हलतो. बरेच दिवस कोणी खेळला नाही तर त्याचा फरक पुन्हा वाढत जातो, कारण बंद पडलेल्या खात्यावर पूर्वीचा विश्वास ठेवता येत नाही. लिचेस या फुकट बुद्धिबळाच्या ठिकाणी हीच पद्धत सुधारून वापरतात आणि ज्याचा भरवसा अजून बसला नाही त्याच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लावतात. प्रश्नचिन्ह लावण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हाला फार आवडला. बाजारात कितीतरी मोठ्या पाट्यांपुढे ते लावायला हवे होते.

ग्लिकमन यांचे गणित हाताने करण्यासारखे नाही. आम्ही त्यातले तत्त्व घेतले. नव्या मुलाचे पहिले दहा डाव कच्च्या वहीत लिहायचे, त्याचे अंक हलवायचे, समोरच्याचे हलवायचे नाहीत. यामुळे एकूण बेरीज जुळेनाशी झाली आणि जमा-खर्चाची सवय असलेल्या आमच्या जिवाला काही दिवस चैन पडले नाही. शेवटी 'नवे खाते' म्हणून एक वेगळे पान काढले आणि फरक तेथे टाकला.

बेरीज न जुळण्याचे दुखणे जागतिक संघटनेलाही सुटलेले नाही. सुरुवातीला फिडेच्या यादीत २२०० च्या खाली नावच घेत नसत. पुढे ही पायरी उतरत उतरत १००० वर आली. हजारो लहान मुले छोटे आकडे घेऊन आत आली, भराभर सुधारली आणि मोठ्यांचे अंक काढू लागली. त्यातच कोविडची दोन वर्षे. स्पर्धा बंद, मुले घरी शिकत राहिली आणि आकडा जुनाच राहिला. पुन्हा स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा बाराशेचा म्हणून समोर बसलेला मुलगा सतराशेचा खेळत होता. भारतात मुलांचा भरणा मोठा, म्हणून येथे हे फार जाणवले. शेवटी मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालच्या सर्वांना एकदाच भर घातली. २००० ला जेवढे कमी असेल त्याच्या चाळीस टक्के. हजाराचे चौदाशे झाले, पंधराशेचे सतराशे. आणि यादीची खालची पायरी १४०० केली. नोटांचा भाव घसरला की सरकार जे करते त्याच जातीचा हा उपाय. त्याने रोग बरा होतो की नुसता ताप उतरतो, ते अजून पाहायचे आहे.

आता लबाडीकडे वळू, कारण जेथे साखेला किंमत येते तेथे खोटी साख बनवणारेही येतात. एक उदाहरण मास्तरांनी सांगितले ते ऐकून आम्हाला आमच्याच बाजारातील बोगस बिलांची आठवण झाली. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी होता. तुरुंगातल्या कैद्यांमध्येच स्पर्धा व्हायच्या. तेच तेच लोक आपसांत खेळायचे, बाहेरचा कोणी नाही. नवे कैदी येत, थोडे अंक मिळवत आणि ते ब्लडगुडच्या खात्यात जमा होत. १९९६ च्या सुमारास हा माणूस कागदावर २७०२ चा झाला, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकाचा! मुद्दाम केले की आपसूक झाले यावर वाद आहे. पण दोन-तीन पेढ्यांनी एकमेकांच्या नावे बिले फाडून उलाढाल फुगवली तर बँकेलाही कर्ज द्यावेसे वाटते, तसाच हा प्रकार. उपाय एकच, बाहेरचा माणूस मध्ये आणायचा. आम्ही नियम केला की कोण कोणाशी खेळेल ते खेळाडूने ठरवायचे नाही. रविवारी जोड्या लावायच्या त्या सारखे गुण झालेल्यांच्या, आणि एकाच जोडीचे डाव महिन्यात दोनपेक्षा जास्त धरायचे नाहीत.

दुबळ्यांना मारून अंक जमवण्याची वाटही अशीच. फिडेत चारशेपेक्षा जास्त फरक असला तरी तो चारशेच धरायची सवलत होती. त्यामुळे फार मोठ्या खेळाडूला कितीही कच्चा गडी मिळाला तरी जिंकल्यावर ०.८ अंक नक्की. असे थेंब थेंब साठवता येते हे ध्यानात आल्यावर ऑक्टोबर २०२५ पासून २६५० व त्यावरच्या खेळाडूंसाठी ही सवलत काढली.

याच्या उलटी लबाडी आम्हाला जास्त धोक्याची वाटते. अनेक स्पर्धांत '१६०० च्या खालील' खेळाडूंसाठी वेगळे बक्षीस असते. मग काही जण मुद्दाम हरत राहतात, आकडा खाली आणतात आणि मोठ्या बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ काढतात. चांगला माल सेकंड म्हणून दाखवून जकात वाचवणारे जुन्या काळी होते, त्यांची आठवण झाली. अमेरिकेच्या संघटनेने यासाठी मजला ठरवला आहे. ज्याने एकदा एक उंची गाठली त्याचा आकडा त्या उंचीच्या सुमारे दोनशेपेक्षा खाली जाऊच द्यायचा नाही. आम्ही आणखी सोपे केले. बक्षिसाचा गट ठरवताना आजचा आकडा न पाहता गेल्या वर्षातला सर्वांत वरचा आकडा पाहायचा. दोन मुलांची तोंडे उतरली, त्यावरून नियम योग्य ठिकाणी लागला असे आम्ही समजलो.

एका माणसाची दोन खाती, किंवा एका खात्यावर दोन हात, हे ऑनलाइन खेळाचे खास दुखणे. आमच्या वहीत एक मुलगा असा होता की काही रविवारी तेराशेचा खेळायचा आणि काही रविवारी सोळाशेचा. मास्तरांना वाटले की हा मोबाइलमधल्या यंत्राची मदत घेतो. मुलाला दुकानात बोलावून विचारले. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "चाचा, ती माझी बहीण खेळते. तिचे नाव लावायला घरी कोणी तयार नव्हते." मुलगी आठवीत होती. आम्ही तिच्या वडिलांना भेटलो, समजावले आणि तिच्या नावे वेगळे पान उघडले. भावाचे अंक कमी झाले, त्याने कुरकुर केली नाही. आज ती वहीत पहिल्या तिघांत आहे. रात्रपाळीचा मुलगाही त्या तिघांत आहे. पहिली चादर ज्याने नेली होती तो सहावा आहे आणि खेळतो अजून आवडीने.

या मुलीला आम्ही नागपूरच्या दिव्या देशमुख यांची गोष्ट सांगितली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक झाला तेव्हा आकड्यांप्रमाणे त्यांचा क्रमांक पंधरावा होता. त्यांनी अंतिम फेरीत कोनेरू हंपी यांना हरवून चषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाल्या. आकडा पंधरावा म्हणत होता तो चुकीचा होता का? आमच्या मते नाही. आकडा कालपर्यंतचा हिशेब सांगतो, उद्याचा डाव खेळायचा बाकीच असतो.

यंत्राच्या मदतीचा प्रश्न मात्र खराच आहे. आज साध्या मोबाइलमधला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम जगज्जेत्याहून भारी खेळतो. २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्याशी धर्मादाय कामासाठी ऑनलाइन डाव झाले, त्यात देशातील एका नामांकित उद्योजकाने मदत घेऊन डाव जिंकला आणि दुसऱ्या दिवशी तशी कबुली दिली. जेथे मजा म्हणून खेळताना मोह आवरत नाही, तेथे चादरीसाठी कोणाला आवरेल? म्हणून ऑनलाइनचे अंक आम्ही एका वहीत ठेवतो आणि समोरासमोरचे दुसऱ्या वहीत. फिडेही ऑनलाइन डाव आपल्या मुख्य यादीत धरत नाही. तिमाहीच्या शेवटी वरचे आठ जण आमच्या दुकानाच्या माळ्यावर पटावर खेळतात. चादर त्याचीच.

विजेचा आणि नेटचा प्रश्न राहतो. डाव चालू असताना नेट गेले तर घड्याळ थांबत नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम सामन्यात भारत आणि रशिया समोरासमोर होते, कर्णधार आपल्या नाशिकचे विदित गुजराथी. इंटरनेट मध्येच कोसळले आणि निहाल सरीन व दिव्या देशमुख यांचे डाव वेळ संपून गेले. भारताने दाद मागितली आणि फिडेने दोन्ही देशांना विजेते ठरवले. रशियात काही जणांना ते रुचले नाही. आमचा नियम असा की वीज संपूर्ण पेठेत गेली असेल तर डाव पुन्हा, एकाच घरात गेली असेल तर गेला. हा नियम कडक आहे हे आम्ही जाणतो. ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही त्याच्यावर तो जास्त पडतो, आणि यावर आम्हाला अजून चांगला तोडगा सापडलेला नाही.

काही मुले संघाने खेळायच्या बंदुकीच्या खेळांसाठीही अशीच वही मागतात. तेथे चौघे मिळून जिंकतात, मग कोणाचे श्रेय किती? मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स खेळांसाठी ट्रूस्किल नावाची पद्धत काढली आहे, तीत संघाच्या निकालावरून एकेकाचा आकडा काढतात आणि भरवसा नसेल तोवर खेळाडूला मुद्दाम खाली धरतात. ते आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय त्या खेळांत मुलांच्या रात्री जातात, म्हणून आम्ही त्यात हात घातला नाही.

प्रवेश फी घेऊन त्यातूनच बक्षीस वाटावे, असे दोन-तीन जणांनी सुचवले होते. आम्ही साफ नकार दिला. सर्वांनी पैसे टाकायचे आणि एकाने उचलायचे, याला आमच्या घरात जे नाव आहे ते येथे लिहायची गरज नाही. देशाच्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. बक्षीस दुकानाचे आहे, हरणाऱ्याच्या खिशातले नाही.

आता हे सर्व व्यापाराच्या पानावर का, ते सांगतो. गेल्या काही वर्षांत आमचे टॉवेल ऑनलाइनही विकले जातात. तेथे गिऱ्हाईक तारे देते. एकदा पावसात पार्सल भिजले. पोचवणारा दुसरा, गोदाम तिसऱ्याचे, आणि एक तारा आमच्या नावे. तो तारा कशाने धुवायचा, ते कोणी सांगू शकले नाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा टॉवेल घेतला त्याच्या मताला आणि वीस वर्षे हॉटेलांना टॉवेल पुरवणाऱ्याच्या मताला तेथे एकच वजन. खोटे तारे विकत मिळतात हे सर्वांना माहीत आहे. विणकराच्या हाताखालून निघालेल्या मालाचा भाव या ताऱ्यांवर ठरतो, आणि ते कसे मोजले जातात हे आम्हाला कोणी दाखवत नाही. एलो यांचे गणित मात्र छापलेले आहे. हरलेला मुलगा स्वतः पेन्सिल घेऊन आपले किती अंक गेले ते पडताळून पाहू शकतो, आणि आमच्याकडे दोन वेळा मुलांनी आमचीच चूक काढली आहे.

ज्या पेठांतील मंडळांना अशा स्पर्धा भरवायच्या असतील त्यांनी दुकानी येऊन वही पाहावी. रविवारी सायंकाळी येऊ नये, त्या वेळी आम्ही जोड्या लावत असतो.